दोन वर्षांचं रिटर्न भरायचं राहिलंय. तुम्ही बसता कसे ते सांगा

नकाशेवाली | १२ डिसेंबर २०२५, रात्री ११:४८

लाज सोडून लिहितेय. मी सिव्हिल इंजिनिअर, ऑगस्ट २०२३ ला नोकरी सोडली आणि तेव्हापासून घरून स्ट्रक्चरल ड्रॉइंगची कामं घेते. कामं बरी मिळतात, पैसे उशिरा का होईना येतात, पण नोकरी सोडल्यापासून मी एकदाही इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलेलं नाही. आधी नोकरीत होते तेव्हा दरवर्षी स्वतः भरायचे, अर्ध्या तासात, चहा गार व्हायच्या आत. म्हणजे येत नाही असं अजिबात नाही.

गेल्या वर्षी जुलैमध्ये म्हटलं ऑगस्टात भरू, मग डिसेंबरात, मग कळलं की मुदत १५ जानेवारीपर्यंत वाढलीय तर इतकं हायसं वाटलं की मी त्या आनंदात १५ जानेवारी पण घालवली. या वर्षी ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली, त्या रात्री लॅपटॉप उघडून बसले, पोर्टल रखडत होतं, म्हटलं सकाळी बघू, सकाळी उठून बघते तर एक दिवस अजून वाढवलेला. तो दिवस मी एका जिन्याचं डिटेलिंग करण्यात घालवला जे पुढच्या आठवड्यात द्यायचं होतं.

आता ३१ डिसेंबर शेवटची. रोज सकाळी पहिला विचार हाच येतो आणि रोज रात्री शेवटचा पण. मधल्या वेळात माझे घरातले सगळे डबे लेबल लावून झालेत. विभागाकडून दोनचार मेल आलेत ते उघडलेले नाहीत.

कसं भरायचं ते सांगू नका, त्याचे व्हिडिओ ढीगभर आहेत. तुम्ही *बसता* कसे ते सांगा.

कडूकारलं | १२ डिसेंबर, रात्री ११:५९

एका रविवारचं काम आहे बाई. डबे लेबल करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात झालं असतं.

नकाशेवाली | १३ डिसेंबर, रात्री १२:०३

ते मलाही माहितेय हो, म्हणून तर अजून लाज वाटते.

भाडेकरू | १३ डिसेंबर, सकाळी ९:२०

नकाशेवाली ताई, तुम्ही एकट्या नाही. माझं ऐका म्हणजे तुम्हाला जरा बरं वाटेल.

माझी साधी नोकरी, पगारातून टॅक्स कापला जातो, मला खरं तर काहीच अडचण नव्हती. गावी घर घेतलंय त्याचा हप्ता चालू, नोकरीच्या ठिकाणी भाड्याने राहतो. ऑफिसात एचआरए, म्हणजे घरभाड्यावरची करसवलत, क्लेम करायचा तर वर्षाला लाखाच्या वर भाडं असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. आमचे घरमालक पॅन म्हटलं की हसतात आणि विषय बदलतात. "देतो हो, कुठं पळून चाललोय का." ऑफिसने पॅन नाही म्हणून एचआरए धरला नाही, टॅक्स जास्त कापला. मी म्हटलं ठीक आहे, रिटर्नमध्ये क्लेम करू, रिफंड घेऊ. आणि पॅनची वाट बघत बसलो. जून, जुलै, ऑगस्ट. दर महिन्याला भाडं द्यायला गेलो की आठवण करायची आणि ते म्हणायचे या महिन्यात नक्की. एकदा तर पाकिटातून कार्ड काढलं पण, बघितलं, आणि "अरे हे तर मतदान कार्ड" म्हणून परत ठेवलं.

१६ सप्टेंबर गेली. मला वाटलं होतं काय होईल, पाच हजार लेट फी लागेल, रिफंडातून जाईल. नोव्हेंबरात भरायला बसलो तेव्हा कळलं की मुदतीनंतर भरलं तर जुनी रेजिम, म्हणजे सवलतींवाली करपद्धत, निवडताच येत नाही. सरळ नवीन. म्हणजे एचआरए गेला, घराच्या हप्त्याचं व्याज गेलं, ८०सी खालची गुंतवणुकीची सवलत गेली, सगळं. आकडे गोल करून सांगतो: पगार १४ लाख, ऑफिसने जुन्या रेजिमने कापलेला टॅक्स १,११,८००. एचआरए धरून माझा खरा टॅक्स होता ६१,८८०, म्हणजे ४९,९२० परत मिळणार होते. नवीन रेजिमने टॅक्स झाला १,०९,२००, त्यावर लेट फी ५,०००. तर पन्नास हजार परत यायचे ते राहिले बाजूला, मीच वरून २,४०० भरले.

बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

कडूकारलं | १३ डिसेंबर, सकाळी ९:३१

आणि घरमालक?

भाडेकरू | १३ डिसेंबर, सकाळी ९:३४

"या महिन्यात नक्की."

हिशेबी | १३ डिसेंबर, सकाळी ११:१०

मी सीए आहे, त्यामुळे डिसेंबरात मला झोप नसते आणि सहानुभूती पण कमी असते, सांभाळून घ्या.

भाडेकरू, तुमचं वाचून वाईट वाटलं कारण ते टळत होतं. वेळेत, एचआरए न धरता, जुन्या रेजिममध्ये रिटर्न भरून टाकायचं होतं. मग पॅन आला की ३१ डिसेंबरपर्यंत रिवाइज करून एचआरए घालायचा. मूळ रिटर्न मुदतीत असेल तर दुरुस्ती करता येते, मूळच उशिरा असेल तर रेजिमचा दरवाजा बंद. लोकांना वाटतं रिटर्न म्हणजे लग्नपत्रिका आहे, एकदा छापली की संपलं. तसं नाही हो. एका कागदासाठी अख्खी फाइल अडवून ठेवणारे क्लायंट माझ्याकडे दरवर्षी असतात आणि तो कागद बहुतेक वेळा नसला तरी चाललं असतं.

नकाशेवाली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही पण मी तीन गोष्टी विचारतो, त्या सांग. एक, क्लायंट पैसे देताना टीडीएस म्हणून टॅक्स कापतात का. दोन, २०२४-२५ मध्ये साधारण किती जमा झाले. तीन, आणि हे खरं सांग, रिटर्न म्हटल्यावर डोळ्यासमोर नेमकं काय येतं? फॉर्म येतो का दुसरं काही?

नकाशेवाली | १३ डिसेंबर, दुपारी १:४२

१) हो, १० टक्के. २) नऊसाडेनऊ लाख असतील. ३) या तिसऱ्या प्रश्नावर मी जेवण होईपर्यंत विचार केला.

फॉर्म येत नाही डोळ्यासमोर. जुन्या ऑफिसातल्या एचआर मॅडम येतात. मी नोकरी सोडली ती काही चांगल्या पद्धतीने सोडली नाही, शेवटच्या दिवशी बोलाचाली झाली, मी केबिनमधून उठून आले आणि परत कोणाशी बोलले नाही. गेल्या वर्षीच्या रिटर्नला तिथल्या पाच महिन्यांचा फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, लागणार. तो मागायला मला त्यांना मेल करावा लागणार. तो मेल मी ड्राफ्टमध्ये लिहून ठेवलाय, "आदरणीय मॅडम" पर्यंत.

कडूकारलं | १३ डिसेंबर, दुपारी १:५०

अगं पण तो गेल्या वर्षीचा ना. या वर्षीच्याला कशाला पाहिजे?

नकाशेवाली | १३ डिसेंबर, दुपारी १:५५

आधीचं भरल्याशिवाय पुढचं कसं भरणार?

हिशेबी | १३ डिसेंबर, दुपारी २:३०

सापडलं.

पुढचं भरायला आधीचं लागत नाही. दोन वर्षं म्हणजे दोन वेगळी रिटर्नं, एकमेकांना बांधलेली नाहीत. तोट्याचं वगैरे पुढे ओढायचं असतं तर गोष्ट वेगळी, तुझं तसं काही दिसत नाही. तू दोन वर्षं मागच्या दाराला कुलूप आहे म्हणून पुढच्या दाराने घरात गेलेली नाहीस.

आणि ते कुलूप पण नाहीये. ऑफिसने पगारातून टीडीएस कापला असेल तर तो पोर्टलवर तुझ्या २६एएसला, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या यादीत, दिसतो, पगार एआयएसला, म्हणजे विभागाकडच्या तुझ्या उत्पन्नाच्या पत्रकात, दिसतो, पगाराच्या स्लिपा मेलमध्ये असतील. फॉर्म १६ हा सोयीचा कागद आहे, रिटर्नला जोडावा लागत नाही. मॅडमना मेल करायची गरजच नाही.

आता घाबरवणारं सांगतो, कारण तुझ्या बाबतीत उशीर म्हणजे नुसता दंड नाही. तू इंजिनिअर आहेस, ४४एडीए कलमाखाली जमा रकमेच्या निम्मा नफा धरून आयटीआर-४ फॉर्म भरू शकतेस, हिशेबाच्या वह्या नकोत. साडेनऊ लाख जमा तर उत्पन्न पावणेपाच लाख. २०२४-२५ साठी नवीन रेजिममध्ये सात लाखांपर्यंत ८७ए कलमाचा रिबेट, म्हणजे करमाफी, आहे, म्हणजे टॅक्स शून्य. आणि कापून गेलेत ९५ हजाराच्या आसपास. ते सगळे *तुझे* आहेत.

३१ डिसेंबर चुकली तर? अपडेटेड रिटर्न म्हणून एक प्रकार आहे, आता चार वर्षांपर्यंत भरता येतं, पण ते सरकारला जादा पैसे देण्यासाठी आहे, २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत वरचा टॅक्स लागतो. रिफंड मागायला ते चालत नाही. मग राहतो उशीर माफ करा म्हणून अर्ज.

ते न उघडलेले मेल बहुतेक "तुम्ही रिटर्न भरलेलं नाही" एवढंच सांगणारे असतील. पण उघड, एखादी खरी नोटीस असेल तर तिला उत्तराची मुदत असते.

नकाशेवाली | १३ डिसेंबर, दुपारी ३:०५

थांबा. म्हणजे मी दोन वर्षं ज्याच्यापासून पळतेय त्यांच्याकडेच माझे पैसे आहेत??

निवांत_काका | १३ डिसेंबर, सायंकाळी ६:१५

मुलांनो, मी रिटायर्ड आहे, चाळीस वर्षं रिटर्न भरतोय, आधी कागदावर रांगेत उभं राहून. तेव्हा रांगेचा एक फायदा होता, शेवटच्या दिवशी सगळे ओळखीचे चेहरे दिसायचे. आपण एकटेच आळशी नाही हे डोळ्याने दिसायचं. आता प्रत्येकजण आपापल्या खोलीत रात्री बाराला पोर्टलचं गोल गोल फिरणारं चाक बघत बसतो.

जाता जाता एक, हा कर आपल्याकडे १८६० साली आला, १८५७ नंतर सरकारची तिजोरी रिकामी झाली होती म्हणून जेम्स विल्सन नावाच्या साहेबाने आणला, तारीख २४ जुलै. आता २४ जुलैला आयकर दिन असतो, म्हणजे नेहमीच्या मुदतीच्या बरोब्बर एक आठवडा आधी.

मुदत वाढण्याबद्दल माझा अनुभव असा की मुदत वाढली की काम लवकर होत नाही, शेवटची रात्र फक्त पुढे जाते. या वेळी पण ३१ डिसेंबर वाढेल असं कोणी म्हणत असेल तर म्हणू द्या.

हिशेबी | १३ डिसेंबर, सायंकाळी ६:४०

काकांना दंडवत. वाढेल या भरवशावर कोणी बसू नका.

पावसाळी | १३ डिसेंबर, रात्री १०:२२

मी नुसती वाचत होते, पण त्या तिसऱ्या प्रश्नावर अडकले.

बाबा मार्चमध्ये गेले. त्यांची पेन्शन होती, एफडी होत्या, बँकेने टीडीएस कापलाय, त्यांचं शेवटचं रिटर्न भरायचंय हे मला एप्रिलपासून माहितेय. मी आयटीत आहे, पोर्टल मला नवीन नाही. पण लॉगिनला त्यांचा पासवर्ड रिसेट करायला लागतो आणि ओटीपी त्यांच्या फोनवर येणार. फोन कपाटात आहे, बंद. तो चार्जिंगला लावायचा आणि चालू करायचा एवढंच काम आहे. मी चार्जर काढून ठेवलाय टेबलावर, ऑगस्टपासून तिथेच आहे. चालू केला की मिस्ड कॉल येतील, ग्रुपवरचे मेसेज येतील, ज्यांना माहीत नाही त्यांचे गुड मॉर्निंग येतील.

आई दर महिन्याला एकदा विचारते, हळूच, "ते बाबांचं झालं का गं". मी म्हणते हो आई, करतेय.

हिशेबी | १३ डिसेंबर, रात्री १०:५८

पावसाळी, फोन चालू करायची गरज नाही. बाबांच्या लॉगिनने भरायचंच नसतं, ते बरोबर नाही. वारस आपल्या स्वतःच्या लॉगिनमधून त्यांच्यासाठी प्रतिनिधी म्हणून नोंदणी करतो, पोर्टलवर "रजिस्टर अ‍ॅज रिप्रेझेंटेटिव्ह" आहे. मृत्यूचा दाखला, बाबांचा पॅन आणि वारस असल्याचा पुरावा. आईंना फॅमिली पेन्शन सुरू झाली असेल तर ती ऑर्डर पुरावा म्हणून चालते, मग आईंच्या नावाने नोंदणी करा, ओटीपी आईंच्या फोनवर येतील. मंजुरीला काही दिवस जातात म्हणून हे उद्याच करा, बाकी नंतर बघू.

पावसाळी | १३ डिसेंबर, रात्री ११:०४

फॅमिली पेन्शन सुरू झालीय. उद्या करते. थँक्यू.

नकाशेवाली | १४ डिसेंबर, दुपारी १२:३०

अपडेट. आज फक्त एआयएस बघायचं, रिटर्न भरायचं नाही, असं ठरवून बसले. म्हणजे खरंच स्वतःला बजावलं की आज भरलंस तर याद राख. त्यामुळे असेल, बसले.

लॉगिन झालं. एआयएसची पीडीएफ उतरवली. पासवर्ड मागितला. पॅन आणि जन्मतारीख, टाकलं, चुकलं. परत टाकलं, चुकलं. आणि मला स्पष्ट जाणवलं की माझा हात लॅपटॉप बंद करायला निघालाय. मनात चक्क आनंद झाला, की चला, आता आपला दोष नाही, पासवर्डच लागत नाही! मग चार वेळा चुकल्यावर कळलं की पॅन छोट्या लिपीतल्या अक्षरात टाकायचाय, पुढे जन्मतारीख दोन-दोन-चार आकड्यांत, मध्ये काही नाही.

उघडलं. चारच पानं आहेत हो. चार पानं! मी दोन वर्षं काहीतरी पोतंभर असेल असं समजत होते. जमा रक्कम ९,६०,०००, टीडीएस ९६,०००, बँकेच्या एफडीचं व्याज २२,०००. बस.

आणि मेल पण उघडले. तीन मेल, तिन्हीत एकच गोष्ट, रिटर्न भरा. चौथा तर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा निघाला, बँकेचा, मी घाबरून त्याच फोल्डरात ढकलला होता.

कडूकारलं | १४ डिसेंबर, दुपारी १२:४१

शाब्बास. (हे मी सहसा म्हणत नाही.)

नकाशेवाली | १४ डिसेंबर, दुपारी १:१५

पण आता एक वाईट गोष्ट कळली. ९,६०,००० चे निम्मे ४,८०,०००. त्यात व्याज २२,००० घातलं की ५,०२,०००. लेट फी पाच लाखांपर्यंत १,००० आणि पाच लाखांच्या वर ५,००० आहे ना? म्हणजे दोन हजारांनी रेषा ओलांडली म्हणून चार हजार जास्त? व्याज नाही दाखवलं तर नाही का चालणार, टॅक्स तर तसाही शून्यच आहे...

भाडेकरू | १४ डिसेंबर, दुपारी १:२२

मी तर म्हणतो एवढ्याशा व्याजाला कोण विचारतंय.

हिशेबी | १४ डिसेंबर, दुपारी १:४०

ज्या कागदावर तू ते व्याज वाचलंस तो कागद *त्यांनी* तुला दिलाय. त्यांना माहीत आहे. दाखव. ९६ हजारांतून ५ हजार वजा, ९१ हजार येतील. चार हजार वाचवायला जाऊन नव्वद हजारांचा रिफंड अडकवायचा हा व्यवहार मला शिकवू नका.

भाडेकरू, तुम्ही सल्ले देऊ नका, तुम्ही घरमालकाकडे जा.

निवांत_काका | १४ डिसेंबर, दुपारी ४:००

मी माझ्या बचत खात्याचं ३११ रुपये व्याज पण दाखवतो. झोप चांगली लागते.

नकाशेवाली | १८ डिसेंबर, रात्री ११:३०

चार दिवस झाले आणि मी पुढे काही केलेलं नाही. सगळे आकडे वहीत लिहिलेले आहेत. आता काहीच अडचण नाही. तरी नाही बसले. हे कशाचं लक्षण आहे?

कडूकारलं | १८ डिसेंबर, रात्री ११:४४

हे बघ, मी तुला दरवेळी टोमणे मारते पण खरं सांगू का, माझी मीटिंगची टिपणं मार्चपासून पडलीत, त्यामुळे मला टोमणे मारायचा अधिकार नाही. सगळी तयारी झाल्यावरच जास्त जड जातं. तोपर्यंत निदान "अमुक कागद नाही" असं म्हणता येत होतं, आता म्हणायला काही उरलं नाही.

रविवारी सकाळी १० वाजता मी कॉलवर येते. बोलायचं नाही, कॅमेरा नको. तू तुझं रिटर्न कर, मी माझी टिपणं. अजून कोणाला यायचं असेल तर या.

पावसाळी | १८ डिसेंबर, रात्री ११:५०

मी येते. आईच्या नावाची मंजुरी आज आली.

निवांत_काका | १९ डिसेंबर, सकाळी ७:०५

माझं जुलैतच भरून झालंय, पण मी येतो. पेपर वाचत बसेन. रांगेतल्यासारखं वाटेल.

नकाशेवाली | २१ डिसेंबर, सकाळी १०:२६

काकांच्या पेपरचा आवाज येतोय पान उलटल्याचा. बरं वाटतंय.

आधी एक घोळ केला. असेसमेंट इयरमध्ये २०२४-२५ निवडलं कारण उत्पन्न २०२४-२५ चं. तर पोर्टल म्हणतं या वर्षाचं आता भरता येणार नाही. पोटात गोळा आला.

हिशेबी | २१ डिसेंबर, सकाळी १०:२९

आर्थिक वर्ष २०२४-२५ म्हणजे असेसमेंट इयर २०२५-२६. दरवर्षी शंभरातले निम्मे इथे चुकतात. आणि कलम १३९(४) निवड, उशिराचं ते.

नकाशेवाली | २१ डिसेंबर, सकाळी ११:०८

बँक खातं व्हॅलिडेटेड आहे, पॅन आधारला जोडलेला आहे. टीडीएस आपोआप भरून आला. हातात कॅश किती ते विचारतोय, पर्समधले मोजून आले, पण ते ३१ मार्चची कॅश विचारतायत, आजची नाही, असं कडूकारलं म्हणाल्या आणि हसल्या. न बोलण्याचा करार मोडला.

नकाशेवाली | २१ डिसेंबर, सकाळी ११:३७

सबमिट केलं!!!! रिफंड ९१,०००. एकूण वेळ एक तास सदतीस मिनिटं, त्यात पंधरा मिनिटं पर्स मोजण्यात. मी आता खाली जाऊन पाणी पिऊन येते, हात थरथरतायत.

भाडेकरू | २१ डिसेंबर, सकाळी ११:४०

अभिनंदन ताई! 🎉

हिशेबी | २१ डिसेंबर, सकाळी ११:४१

ई-व्हेरिफाय केलं का?

नकाशेवाली | २१ डिसेंबर, सकाळी ११:५२

...

"नंतर करा" असं बटण होतं.

हिशेबी | २१ डिसेंबर, सकाळी ११:५४

माहीत होतं मला. व्हेरिफाय केल्याशिवाय ते रिटर्नच नाही. ३० दिवस मिळतात, त्यात केलं तर आजचीच तारीख धरतात. ३० दिवसांनंतर केलं तर ज्या दिवशी केलं ती तारीख, म्हणजे ३१ डिसेंबर उलटून गेलेली. पण तुला ३० दिवस देणं म्हणजे काय हे आता या धाग्यावरच्या सगळ्यांना माहीत आहे. आत्ता कर.

नकाशेवाली | २१ डिसेंबर, दुपारी १२:०१

आधारला जो नंबर जोडलाय तो जुन्या ऑफिसचा. सिम परत दिलं तेव्हाच. ओटीपी तिकडे जाणार. कोणाकडे असेल तो नंबर आता देव जाणे, बहुतेक त्या मॅडमकडेच 😭

हिशेबी | २१ डिसेंबर, दुपारी १२:०३

नेटबँकिंगने कर. बँकेत लॉगिन, तिथे टॅक्सच्या भागात ई-फायलिंगची लिंक असते, तिथून थेट पोर्टलमध्ये शिरता येतं आणि ओटीपी लागत नाही.

नकाशेवाली | २१ डिसेंबर, दुपारी १२:१९

झालं. हिरवी टिक आली. स्क्रीनशॉट काढला, मग अजून एक काढला.

पावसाळी | २१ डिसेंबर, दुपारी १२:४५

माझं पण झालं. आई शेजारी बसली होती, ओटीपी वाचून दाखवत होती, एकेक आकडा सावकाश, जसा तिला गॅस बुकिंगचा वाचायची सवय आहे. बाबांचं नाव स्क्रीनवर आलं तेव्हा म्हणाली, स्पेलिंग बरोबर आहे.

चार्जर टेबलावरून उचलला. फोन नाही चालू केला. बघू नंतर.

नकाशेवाली | २३ डिसेंबर, रात्री ९:१०

आता गेल्या वर्षीचं. २६एएस बघितलं, हिशेबी म्हणाले तसं सगळं आहे. पगाराचे पाच महिने ३,५०,०००, त्यातून कापलेले साडेचौदा हजार, फ्रीलान्सचे ३,२०,००० आणि त्यावर ३२,०००. म्हणजे सेहेचाळीस हजारांच्या वर पैसे अडकलेत. आणि मेलमध्ये पगाराच्या स्लिपा शोधताना काय सापडलं माहितीये? फॉर्म १६. जून २०२४ मध्येच पाठवलेला, माझ्या पर्सनल मेलवर. नोकरी सोडल्यावर मी त्या ऑफिसचे सगळे मेल आपोआप एका फोल्डरात जातील असं सेटिंग केलं होतं. मेलमध्ये मॅडमनी खाली लिहिलंय "ऑल द बेस्ट फॉर युअर वर्क".

अर्ज कसा करायचा सांगा.

हिशेबी | २३ डिसेंबर, रात्री १०:०२

पोर्टलवर सर्व्हिसेसमध्ये कन्डोनेशन रिक्वेस्ट आहे, कलम ११९(२)(बी). ऑक्टोबर २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे असेसमेंट वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत मागता येतं, म्हणजे तुला ३१ मार्च २०३० आहे. हा आकडा मी सांगायला नको होता. वाचलेला विसरून जा आणि जानेवारीत कर. उशिराचं कारण लिहावं लागतं, खरं लिही, जमतील ते कागद जोड. मंजूर होईलच असं मी म्हणणार नाही, अधिकाऱ्याला पटावं लागतं. मंजूर झालं की मग रिटर्न भरायचं.

नकाशेवाली | २३ डिसेंबर, रात्री १०:०६

खरं कारण काय लिहू? "आदरणीय मॅडम"?

कडूकारलं | २३ डिसेंबर, रात्री १०:१०

४ जानेवारी, रविवार, १० वाजता. कॉलवर ये, मिळून लिहू. माझी टिपणं मेपर्यंत आलीत, अजून बरीच आहेत. काका, पेपर घेऊन या.

निवांत_काका | २४ डिसेंबर, सकाळी ६:५०

हजर.

भाडेकरू | २८ डिसेंबर, सकाळी ११:१५

मंडळी, आज भाडं द्यायला गेलो होतो. घरमालकांनी स्वतःहून, न मागता, पॅनची झेरॉक्स हातात दिली. लॅमिनेट करून.